एकशे चौदा नंबरची संमती

खोटं सांगून मला काय मिळणार? ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्या.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. भर दुपारचे अडीच. आमचा आयसीयू, बेड नंबर चार.

मी नर्स आहे. तेरा वर्षं झाली.

शिरेतून औषध सोडायला आमच्याकडे स्मार्ट पंप आहेत. पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, औषधाचं लेबल स्कॅन करायचं, डोस टाकायचा. डोस जास्त वाटला तर पंप अडून बसतो. इन्सुलिनला तर दोन नर्सची ओळखकार्डं लागतात.

पण सिरिंजमध्ये खरंच काय भरलंय, ते त्याला दिसत नाही. तो लेबल वाचतो, बस.

बेडवर एक ट्रकचालक. त्यांची बायको बाहेर बाकावर. मी इन्सुलिन भरलं, लेबल चिकटवलं. जोडीदारणीने घाईत कार्ड लावलं आणि जेवायला गेली.

मी 'सुरू' दाबलं.

पंप थांबला.

अलार्म नाही. स्क्रीनवर एकच ओळ... 'दुसऱ्या नर्सची संमती नाही.'

परत दाबलं. तेच.

तिसऱ्यांदा... तेच.

मग वॉर्डातले सगळे आवाज गेले. व्हेंटिलेटर चालू होता, पण ऐकू येईना. ऐकू येत होती फक्त... सिरिंजवर नखाने मारलेली टिचकी.

टक. टक.

बुडबुडे काढताना माई तशी टिचकी मारायची. माई आमची सीनियर. सहा वर्षांपूर्वी तिच्या हातून दहापट डोस गेला, पेशंट दगावला. नोकरी गेली. वर्षभरात माईही गेली. हे पंप त्यानंतर आले.

मी ट्रेकडे पाहिलं.

नुकती फोडलेली बाटली निम्मी रिकामी होती. अर्धा मिली घ्यायचं, मी पाच घेतलं होतं.

दहापट.

सिरिंज टाकून दिली. जोडीदारणीला जेवणावरून उठवून आणलं, तिच्यासमोर नवी भरली. पंप लगेच चालू झाला. ट्रकचालक आठवड्याने घरी गेले.

पंप तपासायला आलेल्या इंजिनिअरने त्यातली नोंद काढली.

"सिस्टर, तीनदा नकार दिलाय. कार्ड एकशे चौदा. पण असं कार्ड यात कधी भरलंच नव्हतं. कोणाचं हे?"

"माईचं. तिच्या ओळखकार्डाचा नंबर."

"कोण माई?"

"होती एक."

वॉर्डात सगळ्या म्हणतात, माईने तुला तारलं. मी मान डोलावते.

त्यांना एक माहीत नाही. माईच्या त्या डोसवर तपासणीची सही माझी होती. न बघता केलेली. चौकशीत माई म्हणाली, "तिने पाहिलं तेव्हा बरोबर होतं. नंतर मीच चुकले."

मी गप्प बसले होते.

"नोंदीतला तो नंबर काढून टाकू का?" इंजिनिअरने विचारलं.

मला हो म्हणता आलं नाही.

नाहीसुद्धा.