नऊ नंबरचा फिकट पोर्ट

दुपारी अडीचला हॉस्पिटलच्या तळघरात नेटवर्कवाला पालथ्या बादलीवर बसला होता. समोर वॉर्डांचं नेटवर्क जोडणारा स्विच, बंद पडलेला. वरच्या वॉर्डातल्या पेशंटचे ठोके फक्त सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसायचे, आणि ती सकाळपासून काळी होती. त्याच वॉर्डात, नऊ नंबरच्या बेडवर, त्याची मावशी होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. म्हणून आज तो चहालाही थांबला नव्हता.

त्याने कन्सोल केबल लॅपटॉपला लावली. तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, लॅपटॉपात बसल्याशिवाय स्विच तोंड उघडत नाही. ड्रायव्हर टाकला. एरर. पुन्हा टाकला. पुन्हा एरर. पंखे घुंऽऽ करत होते, कुठूनतरी ओल्या कापसाचा वास येत होता.

"भुतं अडवतायत," तो पुटपुटला. या धंद्यातले लोक असंच म्हणतात. कधीकाळी जोडलेल्या केबलींचे पोर्ट लॅपटॉपात लपून राहतात, फिकट होऊन. ते उडवले की नव्या केबलीला जागा होते. त्याने लपलेली यादी उघडली. तीन फिकट पोर्ट. चार, सहा, नऊ.

चार उडवला. लगेच फोन. वरची सिस्टर.

"दादा, खाली काय केलंत?"

"का हो?"

"चार नंबरचे आजोबा... मंगळवारीच वारले. पण रोज येऊन बसायचे बेडवर. आत्ता उठून गेले." तिचा आवाज उतरला. "बरं झालं म्हणा. चादर बदलता येत नव्हती."

चेष्टा करतेय, असं समजून त्याने हसत हसत सहा उडवला.

"सहाच्या काकूही गेल्या," सिस्टर म्हणाली. "म्हणजे... वारून महिना झालाच होता."

एरर तसाच. आता एकच उरला. त्याने माउस नऊवर नेला, आणि बोट तिथेच थिजलं.

"सिस्टर... माझी मावशी?"

"मजेत! शेजारणीला माझी नक्कल करून दाखवतायत."

"नाडी बघा ना जरा."

"बघितली. लागत नाहीये... माझेच हात गार असतील. तुम्ही स्क्रीन सुरू करा ना, कळेलच."

माउस नऊवरच धरून तो बराच वेळ बसला. मग त्याने लॅपटॉप मिटला.

"पार्ट मागवावा लागेल, सिस्टर. तोवर बाकीच्यांचे ठोके हातानेच मोजा..."

तो वर गेला. मावशीने सरकून त्याला बेडवर जागा केली.

"झालं का रे काम?"

"नाही गं."

"शहाणा माझा." ती बरगडी चोळत हसली. "मगाशी किती वेळ माउस धरून बसलास... गुदगुल्या होत होत्या."