अर्धा तांब्या

"ही बारीक दातांची करवत द्या."

सिंधूनं करवत काढली, पण हातातून सोडली नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजारातलं हे लोखंडी सामानाचं दुकान तिच्या आबांचं. आबा जेवायला गेले की दुकान तिच्याच ताब्यात. "काय कापायचंय?"

"सागाचं विनियर. टेबलाला वरनं चिकटवायचं, कागदावानी पातळ हाय."

"मग करवत कशाला? कडा फाटतील की सगळ्या!"

उदगीरचा बसवंत सुतार ओशाळून हसला. गालाला अशी खळी पडली, की सिंधूनं उगीचच खिळ्यांचा डबा हलवला.

कडा फाटल्याच होत्या हो! लातूर नुकताच जिल्हा झालेला, नव्या कचेरीतल्या साहेबाच्या टेबलाचं काम त्याला मिळालेलं, आणि विनियरच्या तीन तावांपैकी दोन त्यानं करवतीनं वाया घालवले होते. उरला एक. तोही बिघडला तर काम दुसऱ्याला, आणि बसवंत परत उदगीरला.

तिनं धारदार सुरी आणि पोलादी पट्टी पुढं ठेवली. "पट्टी घट्ट दाबायची. सुरी मात्र हलक्या हातानं... तीन-चारदा. एका दमात कापाल तर गेलं."

"तुम्हाला बरं ठाऊक!"

"आबा सुतारच की माझे. गुडघे धरले म्हणून दुकान टाकलं."

त्यानं खिशातला वाया गेलेल्या विनियरचा तुकडा तिथंच कापून बघितला. कड्‌कन तडकला. दुष्काळानं लाकूडसुद्धा वाळून गेलं होतं.

"आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या."

"पाणी कुठून आणू? टँकर परवा येणार."

सिंधू घुटमळली. दिवसभरासाठी तिच्याकडं अर्धा तांब्या तेवढा होता... तोच तिनं पुढं सरकवला.

"आन् तुम्ही?"

"मी काय मरते का? जावा की आता!"

तीन दिवस झाले, ना बसवंत, ना तांब्या. आबांना तिनं "घासायला टाकलाय" म्हणून दडपून सांगितलं. तांब्याचं मेलं काय एवढं! पण माणूसच उदगीरला गेला असला तर? नुसत्या विचारानं तिला रडू यायचं.

चौथ्या दिवशी दुपारी तो आला. दोन्ही हातांत तांब्या धरून, एकेक पाऊल जपून टाकत. तांब्या काठोकाठ भरलेला!

"टेबल पास झालं. अजून सहा करायचेत."

"मग होतात कुठं?" तिचा आवाज चढला.

"रिकामा तांब्या कसा आणू? परवा माझा नंबर आला अन् टँकर संपला. आज पहाटंपासनं उभा होतो." तो अडखळला. "तुमचं नावबी ठाऊक न्हाई मला... पण आबांना विचारू का? तुमच्यासाठी?"

सिंधूनं तांब्या उचलला. वरून नाही, चक्क तोंड लावून अर्धा प्यायली, आणि उरलेला त्याच्यापुढं धरला.

"उष्टं हाय की," तो हळूच म्हणाला.

"मग नको?"

बसवंतनं एक थेंब ठेवला नाही.

"सिंधू," ती म्हणाली. "आबा चारला येतात. तवर बसा."