खालच्या मजल्यावरचं बदक

तिनं दार उघडलं, तर वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू कॉम्प्युटरचा स्पीकर छातीशी धरून उभा.

"माफ करा, तुमच्याकडे... बदक आहे का?"

"नाही. का हो?"

"रोज संध्याकाळी माझ्या स्पीकरमध्ये एक बदक बोलतं. आज म्हणालं, 'ऐकू येतंय का?' मी फोनवर कामाचं बोलत होतो."

ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा काढून झाल्या की घरच्या वायरलेस सेटवर दूरदूरच्या हौशी मंडळींशी गप्पा मारायची. परवाना होता, पण यानं घरमालकाचे कान भरले असते, तर गच्चीवरची अँटेना उतरवावी लागली असती.

"ते बदक मीच," ती ओशाळून म्हणाली. "माझ्या वायरलेसवरचं बोलणं तुमच्या स्पीकरमध्ये घुसतं आणि असं चिरकं होतं."

"समोरासमोर आवाज बराच... गोड आहे," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

तोडगा तिनंच काढला. आपला कॉम्प्युटर सेटला जोडायचा. टाइप केलेला मजकूर सुरांच्या रूपात जातो, ताकद कमी लागते, मग त्याचा स्पीकर गप्प. दोन्हींच्या मधे बसवायची इंटरफेसची डबी तिनं कधीच आणून ठेवली होती, पण कॉम्प्युटर दाद देत नव्हता. हा कॉम्प्युटरवर भाषांतरं करणारा. म्हणाला, "मी बघतो."

पहिल्या रविवारी संदेश येत होते, जात नव्हते. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी तिच्याकडे राहणारी, रोज कोपऱ्यात विणत बसणारी आत्या विणकाम गुंडाळत म्हणाली, "माझा स्वेटर झाला बरं का."

डॉक्टरनं माउस स्वतःकडे ओढला. आवाज बाहेर जायचा मार्ग म्हणून डबीऐवजी कॉम्प्युटरचा स्वतःचाच स्पीकर निवडलेला होता.

"हे दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं होतं... पहिल्याच रविवारी."

"मग?"

"लगेच जमलं असतं, तर दुसऱ्या रविवारी कशाला बोलावलं असतंत?"

हसू लपवायला ती स्क्रीनकडे वळली. पाच मिनिटांत सेट आणि कॉम्प्युटर एकमेकांशी सुरळीत बोलू लागले. त्याला आता खाली यायचं कारणच उरलं नाही.

चौथ्या दिवशी तो पुन्हा दारात.

"परत आवाज येतो?" तिनं विचारलं.

"येत नाही. तीच तक्रार आहे. कामात लक्ष लागत नाही."

"असं होय... पण हे सांगायला चार दिवस?"

"धीर होत नव्हता. मघाशी आत्या वर आल्या. म्हणाल्या, तुम्ही रोज सेटसमोर बसता आणि एक ओळसुद्धा टाइप करत नाही."

तिनं मागे वळून पाहिलं. आत्या घाईघाईनं नवा स्वेटर सुरू करत होती.

"आत या," ती हळूच म्हणाली, "मलाही बोलायचंय... टाइप न करता."