लंगडा ठेका

देवखोलच्या देवराईत हल्ली चप्पल बाहेर काढायची आणि आवाजही बाहेरच ठेवायचा, अशी पाटीच लावलेली होती. झाडाझाडाला अंगठ्याएवढे वनकर्ण, म्हणजे ऐकणारे यांत्रिक कान, टांगलेले. पाखरू बोललं, किडा किरकिरला, की तो कोण हे ओळखून ते नोंद करायचे. एकशेबारा देशांनी मिळून श्रवणकरार केला होता. जगात दुसरीकडे कुठेच नसलेला एखादा जीव जिथे ऐकू येईल, ते रान साऱ्या जगाचा वारसा. त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यासाठी तीन वर्षं ऐकायचं आणि तोवर माणसानं गप्प राहायचं.

म्हणून तीन श्रावण इथं कीर्तन झालं नव्हतं. आज शेवटचा दिवस. तसा जीव काही सापडला नव्हता. उद्या देवखोलचं नाव यादीतून गळणार आणि डोंगरापलीकडची चिरेखाण अलीकडे सरकणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आता कुणासाठी गप्प बसायचं? देवाचा निरोप तरी घेऊ दे," असं म्हणत कीर्तनकार मंदाकिनीबाईंनी श्रवणकेंद्राच्या निरंजन खोताकडून तासाभराची परवानगी काढली.

"तासभरच हं, बाई. वनकर्ण चालूच राहतील. त्यांना गाळणी आहे; माणसाचा आवाज, वाद्यं, सगळं ती आपोआप वगळते."

"म्हणजे मी गायले काय न् गायले काय, सारखंच!"

"यंत्रापुरतं," निरंजन ओशाळून हसला.

दुपारचे चार वाजले होते, पण राईत दिवेलागणीसारखा काळोख. तीसेक माणसं ओल्या चिऱ्यांवर दाटीवाटीनं बसली. बाईंनी कपाळाला बुक्का लावला आणि आजोबांच्या चिपळ्या हातात घेतल्या. या घराण्याचा ठेका जगावेगळा. दोन टक्, एक रिकामी जागा, मग तीन टक्. बाहेरगावचे बुवा त्याला लंगडा ठेका म्हणून हसत.

"बाई, आज तरी नीट चालवा," पेटीवर बसलेल्या भिवा गुरवानं डिवचलं. "माझ्या पेटीला ठेच लागते."

"देवाला लागत नाही ना? मग वाजव मुकाट्यानं!"

माणसं खुदकन हसली आणि कीर्तन उभं राहिलं. तीन वर्षं कोंडलेला गळा असा मोकळा झाला, की बाईंना स्वतःचंच नवल वाटलं. पूर्वरंग झाला, नामाचा गजर झाला, उत्तररंगात त्यांनी गजेंद्राची कथा लावली. सरोवरात मगरीनं पाय धरलाय, बळ सरलंय, सोंडेत एवढं एक कमळ उरलंय.

"आणि त्यानं हाक मारली..." बाई थांबल्या. चिपळ्या त्यांनी देवापुढच्या पाटावर ठेवल्या.

टक् टक्... टक् टक् टक्.

भिवा कुजबुजला, "बाई, वाजवायचं थांबवा की! ऐन रंगात आलंय."

"थांबलेच आहे रे मी!" बाईंनी दोन्ही रिकामे हात वर केले.

टक् टक्... टक् टक् टक्. सातविणीच्या ढोलीतून. मग पलीकडच्या झाडावरून. मग चहूकडून!

निरंजन धडपडत वनकर्णांच्या नोंदी दाखवणाऱ्या पडद्याकडे धावला. "इथं काहीच उमटत नाहीये!"

"अरे, तुला देवानं कान दिलेत ना?"

त्यानं कपाळावर हात मारला. "गाळणी! चिपळ्या समजून यंत्र हे बाजूला टाकतंय!" त्यानं गाळणी बंद केली. पडद्यावर हिरव्या रेघा थुईथुई नाचू लागल्या. विजेरीच्या उजेडात, ढोलीच्या काठावर नखाएवढा बेडूक गळ्याचा फुगा फुगवून बसला होता. यंत्रानं जगभरचे बेडूक धुंडाळले आणि एकच शब्द लिहिला: 'अज्ञात'.

"मग तीन वर्षं हा होता कुठं?" भिवानं विचारलं.

निरंजननं गाळलेले जुने आवाज भराभर चाळले. "इथंच असणार. पण एकदाही बोललेला नाही."

"हाक मारल्याशिवाय ओ कोण देणार?" बाईंचे डोळे भरून आले होते.

नोंद भरताना तो एका रकान्यापाशी अडला: 'जगण्यासाठी आवश्यक'. "पाणी, सावली, जुनी झाडं... आणि कीर्तन लिहू? बाई, करारात माणसाचा आवाज म्हणजे अपाय मानलाय."

"लिही. बदलू देत करार!"

त्यानं लिहिलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: नोंद दाखल, पडताळणी होईपर्यंत देवखोल संरक्षित. राईत असा गजर उठला, की झाडांवरचं पाणी ओंजळभर खाली आलं.

गलका ओसरल्यावर निरंजननं हळूच विचारलं, "बाई, हा ठेका तुमच्या आजोबांना कुणी शिकवला?"

"त्यांच्या आजोबांनी. आणि ते म्हणे याच राईत बसून, ऐकून ऐकून..." बाई बोलता बोलता थबकल्या.

ढोलीतून पुन्हा आवाज आला. बाईंनी पाटावरच्या चिपळ्या उचलल्या, पण वाजवेनात. इतक्या पिढ्या हाक नक्की कोण मारत होतं, आणि ओ कोण देत होतं?