विसण

गॅस गिझरची जाळी तुंबली असेल, नाहीतर सेल उतरले असतील, या समजुतीवर अनिमेषने आठवडा काढला होता. त्या संध्याकाळी पाथर्डीच्या जीपमधून उतरल्यावर त्याने आठवणीने दोन जाडे सेल घेतले आणि केडगावच्या घराकडे पाय ओढत निघाला. डिसेंबरचा अंधार लवकर पडत होता. अंग आंबून गेलं होतं. दिवसभर बंधाऱ्यावर उभं राहायचं, गावकऱ्यांना पाण्याचं महत्त्व पटवायचं, आणि घरी येऊन वडिलांना उचलून अंघोळ घालायची, असा त्याचा रोजचा क्रम झाला होता. तक्रार नव्हती. परदेशात पाण्याचं शास्त्र शिकून तो परत आला होता तो याच मातीसाठी, आणि ते त्याने आजही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. फक्त आज हात उचलायचा कंटाळा आला होता.

"आलास? पाणी आजही कोमटच आहे," आई, शोभाताई, दारातूनच म्हणाली. "चहा त्याहून कोमट. दोघं तुझीच वाट बघत होते."

"सेल आणलेत. आज होईल गरम."

"कालही तू हेच म्हणालास. काल तुझी काय ती जाळी तुंबली होती."

आत चाकाच्या खुर्चीवर अण्णा बसले होते. नृसिंहराव, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. श्रावणात अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. डावा हात मांडीवर ठेवला की ठेवलेल्या जागीच राहायचा. बोलणंही जड झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज चांगल्या ऊन पाण्याने अंघोळ घाला, अंग गार पडू देऊ नका. आणि गेला आठवडाभर नेमकं अंग गार पडत होतं. डाव्या बाजूचं एक वेळ समजण्यासारखं होतं. पण आता धडधाकट उजवं पाऊलही बर्फासारखं लागायचं. सकाळी डॉक्टरांनी ते पाऊल बराच वेळ हातात धरलं होतं आणि मग नुसतं पांघरूण सारखं केलं होतं. ते पांघरूण सारखं करणं अनिमेषच्या डोक्यातून दिवसभर गेलं नव्हतं.

गिझर मागच्या पडवीत, न्हाणीघराच्या भिंतीला बाहेरून लावलेला होता. आधी तो आतच होता. अनिमेषने आल्या आल्या हट्टाने बाहेर काढायला लावला. बंद खोलीत गॅस जळला की माणूस गुदमरतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळे नळी लांबली, आणि ऊन पाणी यायच्या आधी बरंच गार पाणी येऊ लागलं. आई ते मोरीत सोडून द्यायची. गेल्या आठवड्यात अनिमेषने ते पाहिलं आणि त्याला राहवलं नाही. ज्या जिल्ह्यात बायका हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात, तिथे आपल्या घरात रोज मोरीत पाणी? तेव्हापासून बादली तोच भरायचा. पहिल्या थेंबापासून.

त्याने सेल बदलले, नळ सोडला. कट्कट् झालं आणि ज्योत भक्कन पेटली. निळी, स्वच्छ. बादली भरल्यावर त्याने कोपर बुडवून पाहिलं.

कोमट.

मग त्याने सगळं पुन्हा पाहिलं. पाण्याची जाळी क्षार खरवडून धुतली. सिलेंडर हलवून पाहिला, जड होता. गॅसचं बटण पूर्ण चढवलं, पाण्याचं कमी केलं. पुन्हा कोमट. शेवटी सुनीलला, गिझर बसवून देणाऱ्या मिस्त्रीला, फोन लावला.

"ज्योत कशी हाय दादा? निळी का पिवळी?"

"निळी."

"मग नळाखाली हात धरा बरं."

अनिमेषने हात धरला आणि झटकन मागे घेतला. "भाजतंय रे!"

"झालं की मग! गिझर ठणठणीत हाय तुमचा. बादलीत गार होत आसंल तर बादलीवाल्याला फोन लावा." सुनील स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसला आणि त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात वीज गेली.

आईने मेणबत्ती आणून न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली. बाहेरच्या रस्त्यावर एक टेम्पो गुरगुरत गेला, मग तोही आवाज राहिला नाही. अनिमेष बादलीशी उकिडवा बसला. नळातून येणारी धार वाफाळत होती. बादलीत पडताना वाफ दिसत होती आणि पडल्यावर नाहीशी होत होती. त्याने पाण्यात हात घातला. हात आत असतानाच पाणी निवत गेलं, एखाद्याने घोटाघोटाने ऊब पिऊन टाकावी तसं. वास येत होता. साबणाचा नव्हे. नवं कोरं कापड पहिल्यांदा भिजलं की येतो, तसला.

उठताना त्याने शेजारच्या स्टुलावर हात टेकला. अण्णांना बसवायचं ते प्लास्टिकचं स्टूल. अजून त्यावर कुणी बसलं नव्हतं.

ते ओलं होतं. आणि ऊन.

"आई..." त्याने हाक मारली, पण ती खुर्ची ढकलत दाराशी आलीच होती. मेणबत्तीच्या उजेडात अण्णा त्याच्याकडे बघत नव्हते. स्टुलाकडे बघत होते.

"थांब..." ते ओठ ओढत म्हणाले. "त्यांचं... होऊ दे."

"कुणाचं, अण्णा?"

"गर्दी... आहे."

अनिमेषने आईकडे पाहिलं. ती बादलीकडे पाहत होती.

"तू सुरुवातीचं गार पाणी बादलीतच घेतोस?" तिने हळू विचारलं.

"मग काय फेकून देऊ? आई, तिकडे पाथर्डीत..."

"व्याख्यान नको. विचारलं तेवढं सांग. खाली गार, आणि त्यावर कढत?"

"हो."

तिने पदर घट्ट ओढून घेतला. बोलली तेव्हा आवाज अगदी खाली होता. "आपण अंघोळीला आधी ऊन पाणी काढतो आणि मग त्यात विसण घालतो, सोसेल इतकं गार पाणी. ते जित्या माणसाचं. माणूस गेलं की माझ्या माहेरी उलटं करतात. आधी गार, वरून कढत. असं पाणी काढलं की ते कुणाचं, हे... ज्यांना कळायचं त्यांना कळतं."

"आई, नळीला काय कळतंय?"

"नळीला नाही रे." ती म्हणाली. "आठवडाभर तू रोज संध्याकाळी त्यांना पाणी काढून देतोयस. आणि त्यांच्या उष्ट्या पाण्याने ह्यांना अंघोळ घालतोयस."

एरवी तो हसला असता, चार वाक्यांत समजूतही घातली असती. पण तळव्याला अजून त्या स्टुलाची ऊब होती, आणि समोर अण्णांचं उजवं पाऊल खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर निळसर पडलं होतं. वाद घालायला लागणारं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने बादली आडवी केली. सगळं पाणी मोरीतून गेलं.

मग त्याने नळ सोडला आणि येईल ते गार पाणी वाहू दिलं. धार कढत झाली तशी बादली खाली सरकवली. भरल्यावर आईने स्वतःच्या हाताने त्यात दोन तांबे विसण घातलं.

पाणी तापलेलंच राहिलं. वाफेने खिडकीची काच धुरकटली.

अण्णांना स्टुलावर बसवून त्याने पहिला तांब्या पाठीवर ओतला. म्हाताऱ्याने इतका मोठा श्वास सोडला, की आईला हुंदका आला. दुसरा, तिसरा. कातडीवर लाली चढू लागली. अनिमेषने उजवं पाऊल हातात धरलं. ऊन होतं. खरंच ऊन होतं. दिवसभराचा शिणवटा त्याच्या डोळ्यांतून वाहू लागला आणि त्याने तो वाहू दिला.

"टॉवेल आणते," म्हणत आई डोळे पुसत वळली.

तेव्हा अण्णांचा डावा हात मांडीवरून उठला.

श्रावणापासून निर्जीव पडलेला तो हात सावकाश पुढे आला. बोटांनी तांब्याचा काठ पकडला, बादलीत बुडवला, भरून वर काढला. अनिमेष आनंदाने आईला हाक मारणारच होता, पण हात तसाच पुढे गेला, अंगापासून लांब, समोरच्या मोकळ्या जागेवर. आणि तिथे, गुडघाभर उंचीवर, अण्णांनी पाणी सोडलं. बेताने. लहान लेकराला घालतात तसं.

धार फरशीपर्यंत पोचली नाही. वाटेतच ती फुटली आणि दोन अंगांनी ओघळत खाली आली.

"डोळे मीट," अण्णा म्हणाले. वर्गात बोलायचे तसे, एकेक अक्षर स्वच्छ. "साबण जाईल."

अनिमेषने स्वतःचे डोळे मिटले नाहीत. त्याला मिटता आले नाहीत.

"अनिमेष, अजून सोड," अण्णा मान न वळवता म्हणाले. "ह्यांना कुणी कधी ऊन पाणी दिलेलंच नाही."

त्याचा हात नळावर होता. नळ बंदच ठेवला तर तो डावा हात पुन्हा मांडीवर पडेल आणि परत कधी उठणार नाही, हे त्याला कुणी न सांगता कळलं होतं. आणि उघडला तर... पुढचा विचार त्याने केला नाही. तो फार दमला होता. त्याने नळ उघडला. भिंतीपलीकडे कट्कट् झालं आणि ज्योत पेटली.

मग त्याने दाराकडे पाहिलं. आई टॉवेल घेऊन उंबऱ्यात आली होती, पण आत येत नव्हती. अरुंद बोळात समोरून माणसं आली की आपण अंग चोरून उभे राहतो, तशी ती चौकटीला पाठ लावून उभी होती, आणि कुणाचा धक्का लागू नये म्हणून पदर आवळून धरत होती.