दोन ते चार घोरतं कोण?

"साडेतीनला वॉचमनच्या एजन्सीचा माणूस येणार आणि दगडूकाकांना कामावरून काढणार," क्लबहाउसच्या पायरीवर उभं राहून देवयानीने जाहीर केलं. "आत्ता वाजलेत अडीच. तासाभरात खरा घोरणारा सापडलाच पाहिजे."

तिचा धाकटा भाऊ संदेश लगेच कमरेला पाण्याची बाटली बांधून तयार झाला. साकेत मात्र कानातला इअरफोन चाचपत तसाच बसून राहिला.

प्रकरण असं होतं. बाळकुमच्या त्यांच्या सोसायटीत वॉचमन लोकांकडे वॉकीटॉकी होते. त्यांना सगळे 'सेट' म्हणत. गेले आठ दिवस दुपारी दोन ते चार ऑफिसातल्या सेटवर कुणीतरी मनसोक्त घोरत होतं, आणि त्याच वेळात मागच्या गेटला कितीही हाका मारल्या तरी उत्तर येत नव्हतं. सेक्रेटरी प्रभाकरकाकांनी सुतावरून स्वर्ग गाठला. मागच्या गेटवर दगडू असतो, तोच सेट अंगाखाली घेऊन झोपत असणार, म्हणून बटण दाबलं जातं! गेटपर्यंत जाऊन बघायची तसदी काही त्यांनी घेतली नाही. देवयानीने त्यांना चला म्हटलं, तर म्हणाले, एवढ्या उन्हात? आणि मुलांची साक्ष कोण धरतो?

दगडूकाका बिचारे म्हणत होते, "माझ्या सेटवर पन येतो तो घोर. मला वाटलं साहेबच झोपलेत."

यावर संदेश पोट धरून हसला होता. साकेतला हसू आलं नाही, कारण घोरणारा कोण ते त्याला आता कळलं होतं. तो त्याच्या कानातच घोरत होता.

साकेतच्या आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. कलावतीमावशी काम उरकून दोनला जायच्या आणि आई चारला यायची. मधले दोन तास आजोबांपाशी बसायचं, एवढंच काम सुट्टीत साकेतकडे होतं. पण खाली कॅरम रंगात आलेला असायचा! ऋतुराजमामाने दिलेल्या वॉकीटॉकीच्या जोडीतला एक सेट त्याने आजोबांच्या उशामागे ठेवला. बोलायचं बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यावर कोथिंबिरीच्या जुडीचं रबर चढवलं. दुसरा सेट खिशात, इअरफोन कानात. घोरणं चालू तोवर खेळायचं, थांबलं की वर पळायचं. आपण फार हुशार आहोत असं त्याला आठ दिवस वाटत होतं. तो आवाज आपल्या खिशाखेरीज आणखी कुठे जात असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मागच्या गेटवर जाऊन देवयानीने दगडूकाकांचा सेट मागून घेतला. "हे बघा, सगळे सेट एकाच चॅनलवर असले की एका वेळी एकच बोलू शकतो. एकाने बटण दाबून ठेवलं की बाकीच्यांचं बोलणं अडतं. म्हणून काकांचं उत्तर ऑफिसात पोचत नाही. घोरणारा ऑफिसाच्या जवळ आहे, त्यामुळे तिथे त्याचाच आवाज वर राहतो."

"पण तो शोधायचा कसा?" संदेशने विचारलं.

तिने सेट छातीशी धरला आणि ती हळूहळू गोल फिरू लागली. अंगातून लहरी नीट पार होत नाहीत. त्यामुळे घोरणारा आपल्या बरोबर पाठीमागे आला की आवाज फाटतो, खरखर वाढते.

"तुला कुणी शिकवलं?" साकेतने विचारलं.

"तुझ्याच आजोबांनी. कल्याणच्या रेल्वे यार्डात त्यांच्याकडे असाच सेट असायचा ना."

साकेतचा चेहरा उतरला. गेटपाशी खरखर वाढली तेव्हा देवयानीच्या पाठीमागे ए आणि सी अशा दोन विंगा होत्या. बागेत पुन्हा फिरून बघायचं ठरलं आणि तिने सेट साकेतच्या हातात दिला. तो फिरला. पाठ सी विंगकडे होताच आवाज फाटला. सी विंगच्या चौथ्या मजल्यावर त्याचं घर होतं.

"ए विंग," साकेत म्हणाला.

खोटं बोलून झालं आणि त्याला स्वतःचीच किळस आली. पण बाण सुटला होता. ए विंगचे सात मजले तिघांनी पालथे घातले. तिसऱ्या मजल्यावरच्या सुमतीआजींची झोप मोडली आणि त्यांनी तिघांची चांगलीच हजेरी घेतली. वीस मिनिटं फुकट गेली.

सेट परत द्यायला साकेत एकटाच गेटवर गेला. दगडूकाका टेबलाचा खण रिकामा करत होते. पिशवीत डबा गेला, चष्मा गेला. मग त्यांनी खणातून तीन टेनिस बॉल काढून साकेतपुढे धरले.

"भिंतीपलीकडं गेलेले तुमचे. ठेवलेले मी जपून. उद्या दुसरा कोन येईल, त्याला काय ठाऊक कुनाचे ते."

साकेतने बॉल घेतले. त्याला त्या माणसाकडे मान वर करून बघवेना.

साडेतीनला ऑफिसात एजन्सीचा माणूस खुर्चीत बसला होता. दगडूकाका दाराशी उभे होते आणि त्यांच्यामागे ही तिघं. प्रभाकरकाकांनी टेबलावरच्या सेटचा आवाज वाढवला. घुर्र... फूस. घुर्र... फूस.

"अहो, पण दगडू तर इथे उभा आहे," एजन्सीचा माणूस म्हणाला.

प्रभाकरकाका क्षणभर गोंधळले, पण हार मानतील तर ना. "मग स्वतःच्या जागी गावातला कुणी आणून झोपवत असेल! दगडू इथल्याच गावचा आहे ना. अशा माणसाला एक दिवसही ठेवू नका."

साकेतने खिशात हात घातला आणि इअरफोनची वायर उपटली. घुर्र... फूस. टेबलावर आणि त्याच्या खिशात, दोन्हीकडे एकाच तालात.

"माझे आजोबा आहेत ते," साकेत म्हणाला. "सेट मी ठेवलाय तिथे, बटणाला रबर लावून. मी त्यांच्याजवळ बसायचं सोडून खाली खेळत होतो. आणि देवयानी, ए विंग मी खोटंच सांगितलं."

तेवढ्यात दोन्ही सेटांवरचं घोरणं थांबलं. पलंग करकरला, आणि आजोबांचा झोपाळलेला आवाज आला. "साकेत, पाणी दे रे बाळा. बाहेरच्या खोलीत आहेस ना?"

साकेत चार मजले जिन्याने धावत चढला.

पाणी पिऊन झाल्यावर आजोबांनी त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघितलं. मग उशामागचा सेट त्यांच्या हाती लागला. रबर बघून ते काय ते समजले, पण रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं साकेतला वाटलं.

"काल पण हाक मारली होती," आजोबा म्हणाले. "वाटलं, डोळा लागला असेल पोराचा."

काल साकेतने कॅरमच्या राणीसाठी दोन डाव इअरफोन काढून ठेवला होता. तो रडत रडत सगळं बोलला. आजोबांनी रबर काढून त्याच्या मुठीत दिलं. "बोलून झालं की बटण सोडायचं असतं रे. त्याशिवाय समोरच्याचं ऐकू येत नाही. यार्डात पहिल्याच दिवशी शिकवायचे."

संध्याकाळी देवयानीने सगळ्या वॉचमनचे सेट सात नंबरच्या चॅनलवर लावून दिले. दुकानातून आल्यापासून ते एक नंबरवरच होते आणि साकेतचाही एकवरच होता, हे कुणी बघितलंच नव्हतं. प्रभाकरकाकांनी चारचौघांत दगडूकाकांची माफी मागितली. मग साकेतच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, खरं बोलायला छाती लागते, शाब्बास! बाकीच्या मोठ्यांनीही मान डोलावली. त्या शाब्बासकीने साकेत आणखीच अवघडला. देवयानी त्याच्याशी अजून बोलत नव्हती, आणि ते त्याला बरोबरच वाटत होतं.

सगळे पांगल्यावर तो मागच्या गेटवर गेला. माफी मागायची वाक्यं त्याने जुळवली होती, पण ऐन वेळी एकही तोंडातून फुटेना. त्याने नुसते ते तीन बॉल टेबलावर ठेवले.

दगडूकाकांनी त्याच्याकडे बघितलं, खण उघडला आणि बॉल पुन्हा होते तिथे ठेवले.

"उद्या येनार का खेलायला?"

"चारनंतर," साकेत म्हणाला.