सेन्सरला मी दिसत नव्हते

आधीच सांगते, मला गोष्टी रचायला जमत नाहीत. शाळेत निबंधसुद्धा मी बाकावरच्या मैत्रिणीकडून लिहून घ्यायचे. त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. कोणाला पटलं नाही तर माझी तक्रार नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर. हॉल, किचन आणि दोन बेडरूम. सुरुवात झाली ती थंडी पडू लागली होती त्या सुमारास, एका शनिवारी, अगदी दिवेलागणीला.

एक बेडरूम आमची. दुसरी ताईची.

ताई म्हणजे माझी नणंद. नवऱ्यापेक्षा बरीच मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं आणि त्यापायी स्वतः लग्न केलं नाही. हे मला लग्नाआधी एकदा सांगितलं गेलं आणि लग्नानंतर रोज ऐकवलं गेलं.

ताई वाईट होती असं मी म्हणणार नाही. पण हा ऑफिसातून आला की बूट काढता काढता पहिली हाक तिला.

"ताई, आलो गं."

मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी, आणि हा तिच्या दारात!

मागच्या वर्षी ताई गेली. झोपेतच गेली. खोटं कशाला बोलू, मी रडले, पण आत कुठेतरी वाटलं की आता तरी हे घर माझं.

कसलं काय! तिची खोली जशीच्या तशी. कपाट उघडायचं नाही, पलंग हलवायचा नाही. हा रविवारी स्वतः तिथली फरशी पुसायचा. आमच्या खोलीत कधी केर काढला असेल तर शपथ.

म्हणून मीच टूम काढली. घरभर स्मार्ट स्विच बसवू या. खोलीत माणूस आला की दिवा आपोआप लागतो, माणूस गेला की थोड्या वेळाने विझतो. विजेची बचत वगैरे बरंच काही मी नवऱ्याला ऐकवलं. खरा डाव वेगळाच होता. वायरमन भिंती फोडणार, धूळ उडणार, मग ताईची खोली रिकामी करावीच लागणार. एकदा सामान बाहेर निघालं की ते परत कसं आत जातं ते मी बघितलं असतं.

आमचा वायरमन भलताच बडबड्या. त्याने हॉलचा बोर्ड उघडला आणि मान हलवली.

"वहिनी, या स्विचला न्यूट्रलची वायर लागते. जुन्या बोर्डात ती नाही. प्रत्येक खोलीत भिंत थोडी फोडावी लागेल."

"फोडा की," मी म्हटलं. माझा आनंद लपत नव्हता.

हॉल फोडला. किचन फोडलं. आमची बेडरूम फोडली. शेवटी तो ताईच्या खोलीत गेला आणि लगेच त्याची हाक आली.

"इथे फोडायला नको, वहिनी. वायर आहे आधीच."

"कशी काय? सगळं घर एकदमच बांधलंय ना?"

"मला काय माहीत? आहे खरी. पाच मिनिटांचं काम."

माझ्या अख्ख्या डावावर पाणी. त्या खोलीतली एक उशीसुद्धा हलली नाही.

वायरमन गेला. नवरा मोबाईल घेऊन बसला, कारण ॲपमध्ये प्रत्येक स्विचला नाव द्यायचं असतं. हॉल. किचन. बेडरूम. चौथ्या स्विचला त्याने नाव दिलं, ताई.

"पुढे 'खोली' तरी लिही," मी म्हटलं.

"कळतंय ना? मग झालं."

मेलेल्या बहिणीचं नाव घरातल्या दिव्याला, आणि जिवंत बायकोचं कुठेच नाही. माझा नुसता जळफळाट झाला. तेवढ्यात माझी नजर स्क्रीनवर गेली.

ताई... चालू.

"चालू कशी? तिकडे कोणी नाहीये."

"आत्ताच तर वायरमन होता आत. विझेल."

विझला नाही.

आम्ही जेवलो, भांडी आवरली, दारं लावली. त्या खोलीच्या दाराखालून उजेडाची रेघ तशीच होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा बाहेर गेला होता. मी हॉलमध्ये सोफ्यावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. हात चालू होते, बरं का. आणि अचानक...

दिवा विझला.

मी हात हलवला. काही नाही.

उठून उभी राहिले. स्विचसमोर जाऊन दोन्ही हात ओवाळल्यासारखे फिरवले.

काही नाही.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. नवरा आत आला आणि दिवा लखकन लागला.

"अंधारात काय करतेयस?" तो म्हणाला.

माझ्या अंगावर काटा आला, तो अंधारामुळे नाही. मला ताईची एक खोड आठवली. ती घरात फिरता फिरता दिवे घालवत जायची. मी खोलीत बसलेली असले तरी घालवायची. मी ओरडले की दारातून डोकावून म्हणायची, "अगं बाई, तू होतीस होय? मला वाटलं, कोणीच नाही." एकदा झालं तर चूक म्हणू. वारंवार व्हायचं. आणि नवरा घरात असताना कधीच नाही.

वायरमनला परत बोलावलं. त्याने खिदळतच ऐकून घेतलं.

"हा सेन्सर अंगाची ऊब बघतो, वहिनी. तुम्ही फार शांत बसत असाल."

"मी आणि शांत? माझ्या नवऱ्याला विचारा."

त्याने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. मी हात हलवत होते, पाय हलवत होते, मुद्दाम मोठ्याने बोलतही होते...

दिवा विझला.

तो आत आला. लागला.

त्याचं खिदळणं थांबलं. मग त्याने ताईच्या खोलीतला स्विच काढून हॉलमध्ये बसवला आणि हॉलचा तिकडे. बिघाड स्विचमध्ये असेल तर जागा बदलल्यावर कळेल, असं म्हणाला.

ताईच्या रिकाम्या खोलीतला दिवा लागलेलाच राहिला. हॉलमध्ये माझ्या डोक्यावरचा विझला.

"स्विच चांगले आहेत," वायरमन हत्यारं गोळा करत म्हणाला. चहा नको म्हणाला. एरवी दोनदा मागून घेणारा माणूस.

मला वाटलं, आता तरी नवरा घाबरेल. घाबरायचं राहिलं बाजूला, त्याची कळी खुलली! ऑफिसातून तो लवकर यायला लागला. दार उघडलं की थेट ताईच्या खोलीत. पलंगाच्या कडेला बसायचा आणि दिवसभराचं सगळं सांगायचा. साहेब काय बोलले, कोणाची बदली झाली, गुडघा कसा दुखतो. मला विचारल्यावर "काही विशेष नाही" म्हणणारा माणूस!

मी बाहेर अंधारात उभी राहून ऐकायचे. एकदा तो हसला. इतका मोकळा की मला दारावर लाथ मारावीशी वाटली.

"तुझा गुडघा दुखतो हे मला का नाही सांगितलंस?" मी जेवताना विचारलं.

"तू लगेच डॉक्टर, डॉक्टर करतेस. ती नुसतं ऐकते."

"ती गेलीय."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान मुलाने काहीतरी वेडगळ बोलावं, तसं बघितलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मी वायरमनला गळ घातली. तो यायला तयार नव्हता, पण आला. ताईच्या खोलीतला स्विच त्याने काढला, वायरींच्या टोकांना टेप गुंडाळला आणि स्विचच्या भोकावर कोरी पट्टी ठोकली. खोलीत अंधार झाला. मग मी हॉलमध्ये जाऊन सोफ्यावर बसले आणि वाट बघितली.

दिवा विझला नाही.

किचनमध्ये गेले, दिवा लागला. बेडरूममध्ये गेले, लागला. खरं सांगते, मला रडूच फुटलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्या घराने माझी दखल घेतली होती.

संध्याकाळी नवरा आला. ताईच्या दारात थबकला. त्या कोऱ्या पट्टीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता भांडण होणार, आणि मी कंबर कसून तयार होते.

तो सरळ आत गेला आणि दार लोटून घेतलं.

बराच वेळ झाला. मी दाराला कान लावला.

तो अंधारात बोलत होता. हळू आवाजात. मग थांबला...

मग म्हणाला, "हो, पण ती ऐकणार नाही."

परत थांबला. एखाद्याचं बोलणं पुरं होईपर्यंत आपण थांबतो, तेवढाच.

"बरं. सांगतो."

मी मागे सरकले. दार उघडलं. त्याचा चेहरा अगदी शांत होता.

"तू काही दिवस माहेरी जाऊन ये," तो म्हणाला. "दमलीयेस तू."

"हे तुझं मत आहे?"

उत्तर देण्याआधी त्याने मागे वळून त्या काळोख्या खोलीत बघितलं.

"आमचं दोघांचं."

इतकी वर्षं मी पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना अभिमानाने सांगत आले, 'आमचं दोघांचं'. त्यात मी असायचे. त्या संध्याकाळी मी माझी बॅग भरली आणि बसस्टॉपपर्यंत त्याने ती उचलून आणली. प्रेमाने आणली, हे जास्त लागलं.

आता मी आईकडे आहे. इथे साधी बटणं आहेत, दाबली की लागतात. नवरा फोन करतो, तब्येतीची चौकशी करतो, पण 'ये' म्हणत नाही. काल मीच म्हटलं, "मी परत येतेय. ते घर माझं आहे."

 मग फोन तोंडापासून लांब धरून त्याने कोणाला तरी विचारलं,

"काय सांगू हिला?"

मी श्वास रोखून ऐकत होते. काही ऐकू आलं नाही. मग तो परत फोनवर आला.

"थांब हं. तीच बोलते म्हणतेय."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यासारखी खरखर झाली...

भीतीपेक्षा मला संताप जास्त आला होता. मी ओरडले, "ताई, नवरा माझा आहे!"

तिकडून फोन ठेवला गेला. हळूच, सावकाश.

आई म्हणते, जाऊ नकोस. वायरमनला विचारलं तर म्हणतो, वहिनी, त्या घराचं काम मला सांगू नका. पण मी उद्याची गाडी बघून ठेवली आहे. किल्ली माझ्याकडे आहे. आत काय असेल ते असेल. दार उघडल्यावर तो मला बघून तोंड पाडेल, ह्याच भीतीने मला काल रात्रभर झोप लागलेली नाही.